तिसऱ्या दिवसाचा रस्ता

बाली बेटावर आलेल्या पाहुण्यांचा एक दिवस कसा आखावा, हे ड्रायव्हर नेंगाह लांद्राकडून शिकावं. सकाळचं ऊन कोणत्या काचेतून येणार आणि म्हणून मडमेला कुठल्या बाजूला बसवायचं, किंतामानीच्या घाटात कुणाला मळमळणार, कुठल्या खानावळीतलं न्हाणीघर स्वच्छ, कुठल्या गावात आज देवळाचा उत्सव आणि कुठे प्रेतयात्रेमुळे रस्ता बंद, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. त्याची सात माणसांची गाडी सिदेमेनच्या भातखाचरांमधून निघाली की पाहुणे संध्याकाळी खूश होऊनच परतायचे. असा हा माणूस त्या दिवशी पहाटे स्वतःच्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्याच मुलीची सहल आखताना घामाघूम झाला होता.

मुलगी एकुलती एक, कारियानी. घरात तिला लुह म्हणत. मोठ्या प्रवासी जहाजावर ती खोल्या आवरायच्या कामाला होती. जहाज सुटलं की महिनोन् महिने तिचं तोंड फोनवरच दिसायचं. या खेपेला सुट्टीवर आली ती एका माणसाला बरोबर घेऊन. कोर्नेलिस त्याचं नाव, सगळे नेलिस म्हणत. त्याच जहाजावर पाव भाजायचा. फ्लोरेस बेटावरच्या डोंगरातला, बाजावाकडचा. चर्चमध्ये जाणारा. बोलायला गोड, खायला तगडा, आणि पहिल्या दिवसापासून लांद्राला बेधडक ‘बापा’ म्हणणारा. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक वडीलधाऱ्याला बापाच म्हणतात. म्हणत असतील. लांद्राला मात्र दर वेळी कानाशी डास आल्यासारखं व्हायचं.

लग्नाचं अवाक्षर अजून कुणी काढलं नव्हतं. पण मुलगी एखाद्या पुरुषाला समुद्र ओलांडून आणते ती काही त्याला भातखाचरं दाखवायला नव्हे, एवढं न कळायला लांद्रा दूधखुळा नव्हता.

मुलगी लग्न होऊन निघाली की घरच्या देवळात बसते, पूर्वजांना हात जोडते आणि त्यांचा निरोप घेते. तिथून पुढे ती या घराची राहत नाही, तिचे देव वेगळे. ज्यांना मुलगे असतात त्यांनी त्या वेळी दोन आसवं गाळावीत आणि जेवायला बसावं. लांद्राला मुलगा नव्हता. कारियानी उठून गेली की अंगणातल्या देवळात फुलं ठेवायला त्याच्यामागे कुणी उरणार नव्हतं. घर, खाचर, देऊळ, सगळं थोरल्या भावाच्या पोरांकडे जाणार होतं. ती पोरं आतापासूनच अंगणात आली की भिंतींकडे टक लावून बघायची. पण खरं सांगायचं तर भिंतींचं लांद्राला एवढं काही नव्हतं. पोरगी जाणार, हेच त्याला सोसत नव्हतं.

“विचारून टाका ना एकदाचं,” रांती म्हणाली. ती त्याची बायको. नारळाच्या पात्यांच्या छोट्या द्रोणांत फुलं भरत चुलीपाशी बसली होती.

“काय विचारू? बाबा रे, तुझं घरदार सोड आणि आमच्याकडे घरजावई हो? तोंडावर थुंकेल तो.”

“थुंकला तर पुसा. पण विचारायचं आपणच असतं. असल्या लग्नात मुलीकडचेच मागायला जातात. तो बिचारा स्वतःहून कसं तोंड उघडेल?”

“आणि हो म्हणाला तर? मग तो कसला पुरुष?”

“म्हणजे नाही म्हणाला तरी वाईट, हो म्हणाला तरी वाईट. डोकं आहे का नारळ?”

रांती पश्चिमेकडची. तिकडे तबानानमध्ये घरजावई होणं ही मामुली गोष्ट. लांद्राच्या पूर्वेकडे मात्र तसं नव्हतं. त्यांच्या वाडीत रेनेंग नावाचा माणूस बायकोच्या घरी नांदायला आला होता. वाडीच्या सभेत मरेपर्यंत लोक त्याला ‘वहिनी’ म्हणून हाक मारत. “वहिनी, कॉफी टाका की!” तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसणारा होता लांद्रा. आपण हसलो होतो ते आपल्याला आठवतंय, हेच आता त्याला छळत होतं. आपल्या दारात आलेल्या पोराला आपण ‘वहिनी’ करायचं, आणि तेही आपल्याच तोंडानं मागून?

म्हणून पहिल्या दोन सहलींत त्यानं नेलिसमध्ये खोट शोधून पाहिली. पूर्वेच्या किनाऱ्यावर मीठ पिकवणाऱ्यांकडे उन्हात उभा केला, पोरगं कुरकुरलं नाही. घाटातल्या मुद्दाम वाकड्या रस्त्यानं नेलं, मळमळलं नाही. डोळ्यांतून पाणी काढणारं लावार, डुकराच्या खिम्याचं, खाऊ घातलं, तर त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं. तळ्याकाठी टायर बसला, तर लांद्रा जॅक शोधतोय तोवर हा चाकापाशी उकिडवा. वर कारियानी त्याच्याकडे बघून हसत होती. आरशात ते हसू दिसलं आणि लांद्राचा गिअर चुकला. ती घरात असं कधी हसल्याचं त्याला आठवेना.

आता तिसरा दिवस.

तिसऱ्या दिवसाचा जो बेत त्याच्या डोक्यात शिजत होता, तो त्यानं रांतीलाही सांगितला नव्हता. समुद्रातल्या खडकावर तनाह लोतचं देऊळ आहे. लग्नाआधी जोडीनं तिथं गेलेल्यांचं जमत नाही, मोडतं, हे बालीतलं शेंबडं पोरही सांगेल. लांद्रानं आजवर नव्यानं लग्न झालेल्या किती पाहुण्यांना हे हसत हसत ऐकवलं होतं, “तुमचं झालंय ना, मग घाबरू नका!” पण एकटा असताना तो हसत नसे. तरुणपणी क्लुंगकुंगच्या एका मुलीला मोटरसायकलवर मागे बसवून तो तिथं गेला होता. पुढचा गालुंगानचा सण यायच्या आत ती मुलगी दुसऱ्याच्या घरी होती. रांतीला मात्र लग्न होईपर्यंत त्यानं त्या रस्त्याच्या जवळपासही फिरकू दिलं नव्हतं.

कारियानीला सरळ सांगितलं असतं तर ती आलीच नसती. म्हणून लांद्रानं असा रस्ता आखला, की आपण जाणूनबुजून नेलं असं कुणाला म्हणता येऊ नये. केदिरीच्या पुढे समुद्रकाठी भाजलेले मासे खायला जायचं, हे सगळ्यांना सांगितलेलं. त्या वाटेवरच्या एका गावात आज मोठा दहनविधी होता आणि हमरस्ता दुपारपर्यंत बंद. ही बातमी ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर आली तेव्हा बाकीच्यांनी शिव्या हासडल्या, लांद्रानं मात्र फोन हळूच उलटा ठेवला. रस्ता बंद झाला की पोलीस गाड्या वळवतात त्या देवळाच्या रस्त्याला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाटाचं पाणी, त्यात सुट्टीची गर्दी. एकदा आत शिरलं की देवळाच्या वाहनतळाशिवाय गाडी कुठं वळत नाही. आणि मुलगी? मुलगी मेंग्वीच्या पुढे झोपणार. लहानपणापासून त्याच्या गाडीत ती तिथंच झोपायची. जाग येईल तेव्हा देऊळ समोर असेल. ‘काय करणार लुह, रस्ताच बंद होता,’ असं म्हणायचं. कोणते शब्द, कोणत्या सुरात, तेही त्यानं घोकून ठेवलं होतं.

निघताना रांतीनं गाडीत पुढच्या काचेपाशी फुलांचा द्रोण ठेवला, उदबत्ती ओवाळली, पाणी शिंपडलं. “पोरांना सांभाळून आणा,” म्हणाली. लांद्रा उगाचच खाली वाकून टायर बघत बसला.

सगळं आखल्यासारखंच झालं, आणि तसं होत गेलं तसतसा त्याचा जीव जास्तच खालीवर होऊ लागला. मेंग्वी मागे पडलं आणि कारियानी मधल्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपली. नेलिस पुढे त्याच्या शेजारी बसला होता. केदिरीच्या पुढे पोलिसानं हात केला. लांद्रानं गाडी वळवली. पुढे गाड्या, मागे जावाहून आलेली प्रवाशांनी भरलेली बस. भिंत आली, पाट आला. आता झालं, असं त्यानं मनाशी म्हटलं.

“बापा, एक विचारू?” नेलिस हळू आवाजात म्हणाला. “रागावणार नाही ना?”

“गाडी चालवताना मी रागावत नाही.”

“आई रोज फोनवर डोकं खाते. म्हणते, त्या घरचे लोक कधी येणार?”

“कुठं येणार?”

“आमच्याकडे. मला मागायला.”

लांद्राचा पाय क्लचवरून सटकला आणि गाडीनं आचका दिला. कारियानी कुशीवर वळली, उठली नाही.

“आमच्या गावात मुलगाच जातो मुलीच्या घरी,” नेलिस सांगत होता. त्याला यात लाजण्यासारखं काही वाटतच नव्हतं. “माझे वडील आईच्या घरी आले. मामा मामीच्या घरी गेला. मी लुहला म्हटलं, तुझ्या घरी मुलगा नाही, मग मीच येणार ना? ती म्हणाली, आमच्यात ते मुलीच्या वडलांनी विचारायचं असतं. आपण गप्प बसायचं, ते विचारतील. म्हणून आम्ही दोघं गप्प. आता तुम्ही नुसतं फिरवताय, बापा. तळं झालं, डोंगर झाला, मिठागर झालं. मी पसंत नसेन तर तसं सांगा. आईला काहीतरी सांगावं लागेल.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, “तुमचे देवही मी मानीन. आईचं म्हणणं एवढंच, की नाताळला घरी यावं.”

गाडी आपोआप रांगेतून पुढे सरकत होती. हे पोरगं ‘वहिनी’ हा शब्द ऐकून कदाचित मान वर करून विचारेल, “म्हणजे काय?” इतकी वर्षं ज्या गोष्टीला आपण हसलो ती कुठल्याशा डोंगरात लोक रोज करतात, भात खावा तितक्या सहज. हवं होतं ते सगळं, मागण्याच्या आधीच, शेजारच्या सीटवर येऊन बसलं होतं. आणि आपण त्याला कुठं घेऊन निघालोय?

त्यानं समोर पाहिलं. नारळांच्या मागे देवळाच्या आवाराची, दोन अर्ध्या भागांत उभी असलेली दगडी कमान दिसत होती. डावीकडे भिंत. उजवीकडे पाट. कुठंतरी एखादी गल्ली, एखादं फाटक, एखादं अंगण असेल म्हणून त्याचे डोळे भिरभिरू लागले. पण इथं तसलं काही नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नाही म्हणूनच तर त्यानं हा रस्ता निवडला होता. मागची बस हॉर्न देत होती. तो पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं जात राहिला, तरी कमान जवळ येतच होती. आरशात कारियानी तोंड उघडं टाकून झोपलेली.

त्यानं भर रस्त्यात ब्रेक मारला.

“नेलिस, खाली उतर.”

“काय?”

“उतर म्हणतो ना! इथंच. लवकर!”

नेलिसचा चेहरा पार पडला. विचारलं आणि लगेच उत्तर मिळालं, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं पट्टा सोडला, दार उघडलं आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. दाराच्या आवाजानं कारियानी दचकून उठली.

“काय झालं? नेलिस कुठे चाललाय? कुठे आलो आपण?” आणि मग तिला कमान दिसली, पाटी दिसली. “बापा?”

“लुह, तू गाडी घे,” लांद्रा घाईघाईनं म्हणाला. घोकलेलं सगळं विसरला होता. “एकटीच आत जा, वाहनतळात वळव आणि बाहेर ये. मी आणि नेलिस इथंच थांबतो. त्याला आत न्यायचं नाही. जोडीनं जायचं नाही. तू एकटीच जा.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ड्रायव्हरची मुलगी ती. कुठला रस्ता कधी बंद असतो, आपल्या बापाला ते कधी कळतं, आणि असल्या रांगेत तो चुकून शिरणं शक्य आहे का, हे सगळं तिनं तेवढ्यात जुळवलं. तिचा चेहरा बदलताना लांद्राला दिसला आणि कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला झालं. लांद्रा खाली उतरला. ती पुढच्या सीटवर आली, त्याच्याकडे न बघता गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघून गेली. ही गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं.

भिंतीपाशी दोघं उरले. बसमधले लोक खिडक्यांतून त्यांच्याकडे बघत पुढे गेले. मग लांद्राच्या लक्षात आलं, नेलिसची टोपी गाडीतच राहिली होती. पुढच्या काचेपाशी, फुलांच्या द्रोणाशेजारी. टोपी धरतात का? माणूस बाहेर आणि टोपी आत, तर ते जोडीनं गेल्यासारखं होतं का? लाज वाटावी असला विचार होता. पण तो डोक्यातून जाईना.

“बापा,” नेलिस म्हणाला, “मी बसनं परत जाऊ शकतो. तुम्ही काळजी करू नका.”

“कुठं परत जाणार? अरे…” लांद्रानं डोक्याला हात लावला. मग सांगून टाकलं. देवळाचं, क्लुंगकुंगच्या मुलीचं, बंद रस्त्याचं, झोपेचं, काही म्हणता काही लपवलं नाही. सांगताना त्याची नजर नेलिसच्या चपलांवरच खिळलेली होती.

नेलिसनं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मी तुम्हाला नको होतो.”

“तू नको नव्हतास रे. मला ती जायला नको होती.” लांद्रानं आता कुठे मान वर केली. “तू येशील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. कधीच आलं नाही.”

नेलिसनं कमानीकडे पाहिलं. रागावला आहे की विचार करतोय ते कळेना. मग म्हणाला, “एवढं पेट्रोल जाळलंत, त्यापेक्षा विचारलं असतं तर?”

गाडी आली. कारियानीनं ती त्यांच्यासमोर आणून उभी केली, पण दारं उघडली नाहीत. फक्त काच खाली केली. तिचे डोळे लाल झाले होते.

“सांगितलंत त्याला?”

“सांगितलं.”

“आता मी सांगते.” तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. “जहाजावर मला झोप येत नाही, बापा. खाली इंजिन, वर लोक. गोळ्या घेऊन झोपते. जगात ही एक गाडी आहे जिथं बसल्या बसल्या मला झोप लागते. कारण चालवणारे तुम्ही असता. आणि तुम्ही माझी झोपसुद्धा आखलीत? मी झोपेन आणि मग मोडून टाकू, असं?”

माफी मागायची म्हटलं तर ती कुठून सुरू करायची?

“आल्यापासून वाट बघतेय मी. रोज वाटायचं, आज विचारतील. जेवताना विचारतील, गाडीत विचारतील. रोज तुम्ही नवा रस्ता काढायचात.” तिनं मनगटानं नाक पुसलं. “अजूनही विचारणार नसाल तर तसं सांगा. म्हणजे मी त्याच्या गावाला जायला मोकळी.”

मागे गाड्या तुंबल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, “ओ काका, संसार घरी जाऊन करा!” एरवी लांद्रानं दोन्ही हात जोडून, हसून, वाट मोकळी करून दिली असती. रस्ता अडवणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. पण त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. तो नेलिसपुढे उभा राहिला. मागायला जाताना बोलायचे शब्द ठरलेले असतात, त्यासाठी वाडीतला जाणता म्हातारा बरोबर न्यायचा असतो, पानाचं तबक लागतं, चांगला दिवस बघावा लागतो. यातलं त्याच्यापाशी काहीच नव्हतं. बेत न आखता तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला होता.

“नेलिस,” तो म्हणाला, “तुझ्या गावाला यायचं कसं?”

नेलिसला क्षणभर कळलं नाही. कारियानीला कळलं. तिनं हँडब्रेक ओढला.

“आईला भेटायचंय तुझ्या,” लांद्रा म्हणाला. “मी आणि लुहची आई येऊ. एकुलती एक मुलगी आहे माझी. घर लहान आहे, पण तुझं होईल. तर यायचं कसं, ते सांग.”

“एंदेपर्यंत विमान आहे,” नेलिस सावकाश म्हणाला. “पुढे डोंगरातून गाडीनं. रस्ता फार वळणाचा आहे, बापा. दरड कोसळते. इथल्यासारखा नाही. तुम्हाला मळमळेल.”

“गाडी कोण चालवतं?”

“मामा.”

“मामाला सांग,” लांद्रा म्हणाला, “मी मागे बसेन. आणि तो नेईल तिकडं येईन.”